पर्गोल्याचा भाव फुटावर विचारू नका

‘साडेपाचशे-सहाशे रुपये फूट, साहेब. सगळं धरून.’ नेरूळ असो की घोडबंदर रोड, रो-हाउसच्या मागच्या अंगणात पर्गोला, म्हणजे खांब-वाशांचा मांडव, करायचाय असं फॅब्रिकेटरला सांगितलं की पहिल्या पाच मिनिटांत असा काहीतरी आकडा येतो. आपणही लगेच गुणाकार करतो. दहा बाय बारा म्हणजे १२० फूट, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास. परवडतंय! गुणाकार बरोबरच असतो. फक्त त्यात पाया नसतो, गॅल्व्हनायझिंग (लोखंडावरचा जस्ताचा लेप) नसतं, पन्हळ नसते, जीएसटी नसतो, आणि दर दोन वर्षांनी खरवडून रंगवायचा खर्च तर कोणाच्याच डोक्यात नसतो.

फॅब्रिकेटर फसवतोच असं नाही. त्याला लोखंड आणि वरचा पत्रा दिसतो, तो त्याचाच भाव सांगतो. पण खाडीकाठच्या हवेत पर्गोला किती वर्षं टिकणार हे ठरतं तीन जागी: खांब जमिनीला टेकतो तिथे, दोन पाइप जोडले जातात तिथे, आणि लोखंडावरचा लेप किती जाड आहे त्यावर. पैसे कमी पडत असतील तर दहा बाय बाराऐवजी दहा बाय आठ करा, या तीन जागांना मात्र कात्री लावू नका.

हवेतलं मीठ करतं काय

ठाणे आणि नवी मुंबई खुल्या समुद्रावर नाहीत, मधे खाडी आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे समुद्र?’ असा एक समज असतो. ऐरोली, वाशी, सीवूड्स, कोलशेत या भागांत लोखंडी ग्रिलची अवस्था बघितली की तो समज टिकत नाही. मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन पृष्ठभागावर बसतात आणि हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच विरघळायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात तर ती त्याहून वरच असते, आणि इतर महिन्यांतही कित्येक रात्री-पहाटे तिथवर पोचते. म्हणजे पाऊस नसतानाही लोखंडावर खारट पाण्याचा पातळ थर असतोच. त्यात रबाळे, तळोज्यासारख्या औद्योगिक पट्ट्यांजवळ राहत असाल तर हवेतल्या गंधकयुक्त वायूंची भर.

गंमत अशी, की गंज बहुधा वरून सुरू होत नाही. वरची बाजू पावसात धुऊन निघते. पत्र्याखालची तुळई, पाइपची खालची बाजू, बेस प्लेटचा (खांबाखालच्या लोखंडी पाटीचा) कोपरा इथे पाऊस पोचत नाही, मीठ साचत जातं, आणि आपली नजरही तिथे जात नाही. म्हणून ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा खालच्या बाजूने गोड्या पाण्याचा पाइप मारला, तर त्यासारखी स्वस्त देखभाल दुसरी नाही.

आता लेपाचं गणित, कारण सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. ‘जीआय पाइप आहे, गंजणार नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. पण जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, दोन प्रकारचं असतं. एकात पत्र्याला आधीच जस्ताचा पातळ मुलामा असतो आणि मग त्याचा पाइप वळवतात. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त धरलं, तर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) थर होतो. दुसऱ्यात तयार तुकडा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग. जाड लोखंडावर त्याचा थर ८० मायक्रॉनच्या घरात जातो, पातळ पाइपवर थोडा कमी. किनाऱ्याजवळच्या मध्यम-तीव्र क्षाराच्या हवेत जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजतं, असं आंतरराष्ट्रीय मानकांचे तक्ते सांगतात. भागाकार तुम्हीच करा: एक थर दोन ते चार वर्षं, दुसरा वीस किंवा जास्त. दोन्ही पाइप नवे असताना सारखेच चकाकतात.

शिवाय वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं. मुलामा असलेले पाइप आणून अंगणातच वेल्डिंग केलं, वरून चंदेरी रंगाचा हात फिरवला, तर पर्गोल्याचा सगळ्यात कमजोर भाग म्हणजे प्रत्येक जोड झाला. आणि जोड तर पन्नास असतात. म्हणून क्रम उलटा हवा. वर्कशॉपमध्ये पाइप कापून, भोकं पाडून, प्लेटा वेल्ड करून, मग ते सुटे तुकडे बुडवायला पाठवायचे, आणि अंगणात फक्त नट-बोल्टने जोडायचे. अंगणात वेल्डिंग मशीन आलंच नाही पाहिजे. एक सूचना कोटेशनमध्येच लिहून घ्या: बंद पाइपला हवा आणि जस्त जायला-यायला भोकं ठेवायची. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप वितळलेल्या जस्तात गेला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो. भोकं असली की जस्त आतूनही बसतं, आणि पाइप आतून गंजायचा प्रश्नही बराचसा मिटतो.

गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर नेहमीचा ऑइल पेंट थेट लावू नका, पापुद्रे निघतात. आधी जस्तावर धरणारा एच (etch) प्रायमर, त्यावर एपॉक्सी, शेवटी उन्हात न भुरभुरणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. जस्त आणि रंग एकत्र असले की दोघांच्या सुट्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त टिकतात, कारण रंग जस्ताला झिजू देत नाही आणि जस्त रंगाखाली गंज पसरू देत नाही.

पायाचं काम

खांब सरळ खड्ड्यात उभा करून भोवती काँक्रीट ओतायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. नेमकं जिथे लोखंड काँक्रीटमधून बाहेर येतं तिथे पाणी साठतं, फट पडते, आणि खांब पाच-सहा वर्षांत त्या एका रेषेवर खाल्ला जातो. वरचा पर्गोला धडधाकट, पायात मात्र पोकळ. दुरुस्ती म्हणजे अख्खा सांगाडा टेकू देऊन उचलायचा.

त्याऐवजी काँक्रीटचा पेडेस्टल (बुटका ओटा) फरशीपासून सहा इंच वर आणा, माथ्याला बाहेर उतार द्या, त्यात जे-बोल्ट (खालचं टोक वाकवलेले बोल्ट) आधीच बसवा आणि बेस प्लेट त्यावर कसा. चार खांबांमागे खर्च काही हजारांनी वाढतो. शेजारी बघायला आले तर त्यांना तो दिसणारसुद्धा नाही.

जमिनीचाही विचार हवा. सीवूड्स, उलवे अशा भागांत बरीच जमीन भरावाची, खाली खाडीची चिकणमाती. येऊरच्या पायथ्याकडे घोडबंदर पट्ट्यात दोन फुटांवर मुरूम किंवा खडक लागू शकतो. भरावात खड्डा मोठा घ्यावा लागतो, खडकात फोडायची मजुरी वाढते. एक खड्डा खणून बघितल्याशिवाय पायाचा भाव पक्का करू नका.

गच्चीवर करणार असाल तर सगळंच बदलतं. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकला की कोबा आणि वॉटरप्रूफिंग फुटलं, आणि मग खालच्या खोलीतल्या ओलीचा खर्च पर्गोल्याच्या बजेटमध्ये धरायला हवा. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वारा खालून येतो

आपण छपराचं वजन मोजतो आणि खांब ते पेलतील का ते बघतो. पण पर्गोल्यावर पत्रा चढला की खरी भीती असते तो वर उचलला जाण्याची, उलट्या झालेल्या छत्रीसारखा. भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं दर चौरस मीटरला जवळपास ११८ किलो. १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटरच्या थोडं वर, म्हणजे पूर्ण पत्र्यावर तेराशे किलोंचा जोर. आजूबाजूच्या इमारती आणि छपराच्या उतारानुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज येतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. त्या वाऱ्याला हेच सूत्र लावलं तरी सुमारे ६८० किलो होतात.

सांगाडा साडेतीनशे किलोंचा. बाकीचं धरून ठेवणार कोण? पायाच. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल अशा काँक्रीटच्या एका ठोकळ्याचं वजन साधारण ५४० किलो. चार मिळून दोन टनांहून जास्त. ‘एवढा मोठा खड्डा कशाला, दीड बाय दीड पुरे’ असं गवंडी म्हणेल. दीडच्या ठोकळ्याचं वजन भरतं २३० किलो, चार मिळून ९२०. सांगाडा धरूनही बेरीज तेराशेला पोचत नाही, हाताशी काही उरणं तर दूरच.

वर पत्राच नसेल, नुसते वासे असतील, तर वारा आरपार जातो आणि हे सगळं खूप सौम्य होतं. कोकणात खळ्यातला मांडव पावसाआधी उतरवून ठेवतात, त्यामागे हाच व्यवहार आहे: ऊन असेल तोवर झावळ्या, वारा-पाऊस यायच्या आत मोकळे खांब. थोड्या पैशांत करायचं असेल तर मी हीच वाट सुचवेन. सांगाडा पक्का, वर ऑक्टोबर ते मे शेडनेट किंवा बांबूची चिक, जूनच्या पहिल्या आठवड्याआधी ती काढून माळ्यावर. पावसात अंगणात बसायला मिळणार नाही, हे मात्र आधीच घरात बोलून घ्यावं.

आता खरा हिशोब

दहा बाय बाराचा, चार खांबांचा, वर पॉलिकार्बोनेट (उजेड आत येऊ देणारा प्लास्टिकचा पत्रा) असलेला पर्गोला धरू. दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला, गणिताचा सांगाडा तोच राहील.

खांब १०० बाय १०० चे, ४ मिलिमीटर जाड. तुळया १०० बाय ५०, ३ मिलिमीटर. आठ वासे ६० बाय ४०, अडीच मिलिमीटर. प्लेटा धरून सगळं वजन ३४० किलोंच्या आसपास येतं. कापणी-वेल्डिंगसह १३० रुपये किलो धरले तर ४४,२०० रुपये. वर १३० फूट पॉलिकार्बोनेट, प्रोफाइल आणि स्क्रूसह १८० रुपयांनी २३,४००. या दोन रकमांची बेरीज ६७,६००, म्हणजे फुटाला ५६३ रुपये. फॅब्रिकेटरने तोंडी सांगितलेला भाव हाच.

आता राहिलेलं. गॅल्व्हनायझिंग १८ रुपये किलोने ६,१२०. तुकडे नेण्या-आणण्याचा टेम्पो ५,०००. बोल्ट आणि अँकर ४,०००. प्रायमर ते पीयू रंग १२,०००. चार पाये १६,०००. पन्हळ आणि उतरता पाइप ६,०००. जोडणीची मजुरी ८,०००. बेरीज पोचली १,२४,७२० वर. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि एवढं करून दहा टक्के अडीअडचणीला. एकूण जवळपास १,६२,००० रुपये. म्हणजे फुटाला १,३५०. आधी सांगितलेला भाव या रकमेच्या निम्म्याहून कमी भरतो.

फुटावरचा भाव आणखी एका जागी चकवतो. पर्गोला निम्म्या आकाराचा केला तरी खांब चारच, पाये चारच, टेम्पोची फेरी तीच. त्यामुळे खर्च निम्मा होत नाही. उलट, पाये-खांब आले की पुढचे दोन फूट वाढवणं तुलनेने स्वस्त वाटतं आणि बजेट तिथूनच सुटतं.

आता स्वस्त पर्याय बघू: साधं लोखंड, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट, अंगणातच वेल्डिंग. वरच्यापेक्षा सुरुवातीला २०-२२ हजार वाचतील. मग दर दोन वर्षांनी मे महिन्यात खरवडणं, रंगवणं, मजुरी मिळून ९,००० धरा. बारा वर्षांत पाच वेळा, ४५,०००. गॅल्व्हनाइज्डला त्याच काळात एकदा रंगाचा हात, दहा हजार. आणि ही तुलना स्वस्त सांगाड्याचे खांब बारा वर्षं पायातून सडत नाहीत असं गृहीत धरून केलेली आहे, म्हणजे त्याच्या बाजूने जरा जास्तच उदार.

सागवान, अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस

सागवान दिसायला देखणं, आणि खाऱ्या हवेला लोखंडापेक्षा सोशिक. याच आकाराला कापणीची तूट धरून १६ घनफुटांच्या आसपास लाकूड लागेल. भाव विचारताना गाभ्याचं लाकूड किती आणि कडेचं पांढरं किती ते बघा. वाळवी पांढऱ्यापासूनच सुरुवात करते. खांब जमिनीत गाडू नका, लोखंडी बुटात उचलून धरा. साधे लोखंडी स्क्रू लाकडात काळे डाग पाडतात. व्हार्निश किंवा मेलामाइनचा चकचकीत थर उन्हा-पावसात फुटतो आणि खाली पाणी अडकवतो. वर्षातून एकदा तेल पाजलेलं बरं. कोकणातल्या मानग्या बांबूचा पर्गोलाही छान दिसतो, पण बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया पावसात धुऊन जाते. त्याला हंगामी वस्तूच समजा.

अ‍ॅल्युमिनियम गंजून तांबडं होत नाही, हलकं असतं, महाग असतं. त्यात एकच मेख: ते लोखंडी किंवा स्टीलच्या बोल्टला थेट चिकटलं आणि खारी ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं. मधे नायलॉनचे वॉशर हवेतच. रुपया-दोन रुपयांची वस्तू, पण सांगितल्याशिवाय कोणी घालत नाही.

स्टेनलेसबद्दल थोडं सावध राहा. बाजारात ‘एसएस’ म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुधा २०२ ग्रेडचं असतं, आणि इथल्या हवेत त्याच्यावर वर्ष-दोन वर्षांत चहाच्या रंगाचे डाग येतात. लोहचुंबक लावून बघायची युक्ती इथे कामाची नाही. २०२ आणि ३०४ दोघांनाही चुंबक जवळपास धरत नाही. खाऱ्या हवेसाठी ३१६ हवं, ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ते तपासायचं रसायन थेंबाने लावून कळतं, चांगल्या दुकानदाराकडे ते असतं. पूर्ण पर्गोला ३१६ चा करणं चैन आहे. लाकडी पर्गोल्याचे बोल्ट तेवढे ३१६ चे घ्या.

सावली आणि पाणी

फोटोत दिसणारे उघड्या वाशांचे पर्गोले बहुतेक थंड देशांतले. तिथे सूर्य तिरपा असतो, उभ्या फळ्यांची लांब सावली पडते. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. चाळीस मिलिमीटर रुंदीचे आठ वासे बारा फुटांत, म्हणजे भर दुपारी जमिनीवर जेमतेम नऊ टक्के सावली. म्हणून आच्छादनाचा खर्च ‘नंतर बघू’ मध्ये टाकू नका. वेल चढवायचा असेल तर मधुमालती झकास, पण ती लोखंड सतत ओलं ठेवते आणि दोन वर्षांनी रंगाचा ब्रश आत जायला जागा देत नाही.

पॉलिकार्बोनेट घेतलं तर यूव्ही लेप असलेली बाजू वर, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने, आणि फुटाला एक इंच उतार. उन्हात ते फुगतं: १२ फुटांची शीट ३० अंशांच्या फरकाने ७ मिलिमीटर वाढते, त्यामुळे स्क्रूची भोकं थोडी मोठी लागतात. नाहीतर मेमध्ये रात्री कडकड आवाज आणि जुलैमध्ये गळती. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर एवढ्या छपरावरून मिनिटाला अठरा-एकोणीस लिटर पाणी उतरतं. पन्हळ नसेल तर ते शेजारच्या भिंतीवर जाणार, आणि रो-हाउसमधली अर्धी भांडणं वळचणीच्या पाण्यावरूनच होतात.

परवानगी आणि हप्ते

घरामागची मोकळी जागा तुमची असली तरी मार्जिन म्हणून ती मोकळी ठेवायची असते. उघडे वासे आणि पत्र्याचं छप्पर यांच्याकडे एकाच नजरेने बघितलं जात नाही; वर कायमचा पत्रा आला की शेड झाली, आणि विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. ठाण्यात महापालिकेचा शहर विकास विभाग, नवी मुंबईत नगररचना विभाग, सिडकोच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल तर सिडको, आणि सोसायटी असेल तर तिची लेखी ना-हरकत. आर्किटेक्टची एका पानाच्या नकाशाची फी बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. घर खाडीलगत असेल तर कांदळवनापासूनचं अंतर आधी मोजा: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. एप्रिल-मेमध्ये सगळे फॅब्रिकेटर पावसाळी शेडच्या मागे असतात. भाव चढतो आणि बुडवायला पाठवायला वेळ नसतो, मग अंगणात वेल्डिंग मशीन येतंच. कोटेशन फुटावर नको, किलोवर मागा, पाइपची जाडी लिहून घ्या आणि वजनकाट्याची पावती मागा. ३ मिलिमीटर म्हणून आलेला पाइप २.५ चा निघाला तर वजनात लगेच कळतं. गॅल्व्हनायझिंगहून माल परत आला की लेपाची जाडी मोजायचं छोटं मीटर लावून दाखवायला सांगा, आणि दुसरा हप्ता त्यानंतरच द्या. शेवटचे दहा टक्के जूनमधला पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर येऊ द्या. त्या पावसात शिडी लावून बेस प्लेटपाशी पाणी थांबतंय का, पन्हळ जोडावर गळतेय का आणि बोल्टच्या कडेला तांबडा ओघळ दिसतोय का, एवढं बघून मग चेक.